महात्म्याची टू-सीटर

सहदेव तावडे ज्या कंपनीच्या खरेदी खात्यात होता तिथे साधा नटबोल्ट घ्यायचा झाला तरी तीन कोटेशनं मागवायची पद्धत होती. वस्तू कशी पारखावी आणि कशी घ्यावी हे आपल्याइतकं विलेपार्ले पूर्वेत कुणाला कळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. पार्ल्याचंही आपल्याविषयी काहीतरी मत असणार, असं तो धरून चालला होता. पार्ल्याला ते बनवायला अजून सवड झाली नव्हती.

लालबागच्या चाळीतून तो इथे आला त्याला बरीच वर्षं झाली होती. आल्या आल्या त्यानं बोलण्यातला मालवणी हेल काढून टाकला आणि सुकट घरी आणताना ती वर्तमानपत्राच्या इतक्या घड्यांत गुंडाळायला लागला, की जिन्यात भेटणाऱ्याला वाटावं तावडे आज पुन्हा पुस्तकं घेऊन आले. वडिलांविषयी कुणी विचारलं तर तो "टेक्स्टाइलमध्ये होते" एवढंच म्हणायचा. हे खोटं नव्हतं. दशरथ तावडे गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणत. साच्यांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले आणि मोठ्या संपाच्या आधीच ते स्वतःही गेले. पण टेक्स्टाइल म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक ऑफिस, एक पंखा आणि पाण्याचा पेला घेऊन आलेला शिपाई उभा राहायचा, आणि सहदेव त्या शिपायाला परत पाठवत नसे.

लहानपणी तो वडिलांचा डबा घेऊन गिरणीच्या फाटकावर जायचा. एकदा वडील डबा घ्यायला बाहेर आले आणि तेवढ्यात साळखात्याच्या, म्हणजे विणकाम खात्याच्या, गोऱ्या साहेबाची गाडी फाटकातून निघाली. लाल, बुटकी, वर छप्पर नाही, आत दोघांपुरती जागा. वडील भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून उभे राहिले. जागा पुष्कळ होती, एवढं अंग चोरायची गरज नव्हती. साहेबानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. अशा वेळी मुलाला वडिलांच्या वतीनं राग यायला हवा होता. ह्या मुलाला गाडी हवीशी वाटली.

ती एमजी होती. एमजी टीसी. हे त्याला फार पुढे कळलं, फोर्टच्या फुटपाथवर रद्दीत मिळणाऱ्या विलायती मोटार मासिकांतून. ती मासिकं तो शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचा. गाडीचा सांगाडा लाकडाचा असतो, चाकं तारांची असतात, दारं उलटी उघडतात, पुढची काच आडवी पाडता येते, हे त्याला आरतीसारखं पाठ झालं. स्वतःकडे स्कूटर होती. चौऱ्याऐंशी साल होतं. सोसायटीतला जो तो मारुतीसाठी नंबर लावून बसला होता आणि भेटला की एकमेकांना नंबर विचारत होता. सहदेवनं नंबर लावला नाही. "डब्यात बसायचं तर डबेवाला काय वाईट," असं तो म्हणाला. हे वाक्य सोसायटीभर झालं आणि त्याला उगीचच वाटलं की आपलं वजन वाढलं.

त्याला गाडी काही दारात उभी करून ठेवायला नको होती. त्याला ती चालवायची होती. एका सकाळी, काच आडवी पाडून, जुहू तारा रोडनं, वाऱ्यात. एकदा तसं झालं की आपण लालबागहून कायमचे निघालो, असा त्याचा हिशेब होता. इतका सरळ हिशेब माणसं सहसा स्वतःपाशी उघडा करत नाहीत. सहदेवनं तो वसुधापाशी, म्हणजे बायकोपाशी केला. वसुधा टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. दिवसभर लोकांना लाईनवर थांबवून ठेवायची तिला सवय होती.

"दोनच सीटा," ती म्हणाली. "म्हणजे मी आणि पोरं बॉनेटवर बसायची, नाही का? गणपतीच्या आराशीसारखी."

बोल्टाची तीन कोटेशनं आणणाऱ्या ह्या माणसाला एमजीचं एकही कोटेशन मिळेना. अंधेरीला एका पारशी गृहस्थाकडे होती. सहदेव इस्त्रीची पँट घालून गेला. म्हाताऱ्यानं चहा दिला, बिस्किटं दिली आणि मग स्थळ बघावं तशी चौकशी सुरू केली. गाडी ठेवणार कुठे, पावसात झाकणार कशानं, ड्रायव्हर ठेवणार का, घरी आधी कुठली गाडी होती. जिन्याखाली स्कूटरची जागा आहे असं सहदेव म्हणाला तेव्हा म्हाताऱ्यानं बिस्किटांची बशी हळूच आपल्याकडे ओढून घेतली. गाडी त्यानं दाखवलीसुद्धा नाही.

मग भीमराज मधे पडला. भीमराज लालबागपासूनचा दोस्त, आता गोरेगावच्या एका स्टुडिओत शूटिंगसाठी गाड्या पुरवायचा. टीसी हे नाव त्यानं प्रथम ऐकलं तेव्हा विचारलं, "टीसी? विदाऊटवाल्यांना पकडतो तो?" तरीही त्यानं एक एमजी शोधून काढली. स्टुडिओच्या मागच्या आवारात सहदेव तिच्याजवळ गेला, डोळे भरून पाहिलं आणि बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट प्लायवूडचं होतं. खाली जुन्या जीपची चौकट होती आणि एका बाजूला रंगच दिलेला नव्हता, कारण कॅमेऱ्याला ती बाजू दिसत नव्हती. भीमराजला ह्यात काहीच वावगं वाटलं नाही. गाडी बघायचीच तर हीपण बघण्यासारखी आहे, असं त्याचं म्हणणं.

खरी गाडी सापडली ती वेसाव्याला, म्हणजे वर्सोव्याला.

तिथल्या कोळीवाड्यात एका गाण्याचं शूटिंग होतं. भीमराज ट्रक लावायला जागा शोधत गल्लीत शिरला आणि एका घराच्या पडवीत जाळ्यांच्या ढिगाआड त्याला लाल रंग दिसला. गाडीच्या काचेच्या चौकटीपासून पडवीच्या खांबापर्यंत दोरी बांधली होती आणि दोरीवर बोंबील वाळत होते. पुढच्या रविवारी सहदेवला घेऊन तो तिथे गेला.

ह्या वेळी सहदेवनं आधी बोटानं ठोकून पाहिलं. पत्रा होता. समुद्राच्या इतक्या जवळ राहून गाडीवर असायला हवा होता तेवढा गंज नव्हता, कारण होडीला देतात तसं मुशी माशाचं तेल तिला वर्षानुवर्षं दिलेलं होतं. त्या तेलाचा वास इतका जबर होता की भीमराज नाकाला रुमाल लावून बाहेर जाऊन उभा राहिला. नाकाडावर, अष्टकोनात, ती दोन इंग्रजी अक्षरं होती आणि त्यांच्यावर सुकलेला झेंडूचा हार.

"हात लावू नको," आतून आवाज आला. "म्हात्म्याची गारी हाय ती."

ही सोनूबाई. वय झालेलं, पाठ ताठ, हातात मासे कापायचा कोयता. तिनं जे सांगितलं ते असं. तिचा नवरा अनंता फार पूर्वी एका गोऱ्या साहेबाला होडीतून मढला नेत आणत असे. देश स्वतंत्र झाल्यावर साहेब विलायतेला निघाला तेव्हा ही गाडी अनंताकडे ठेवून गेला आणि जाताना पुन्हा पुन्हा काहीतरी इंग्रजीत सांगून गेला. अनंताला त्यातलं एकच कळलं: एमजी. आणि एमजी म्हणजे कोण हे मुंबईत पोराला कळतं. घाटकोपरला एमजी रोड, मुलुंडला एमजी रोड, बोरिवलीला, गोरेगावला एमजी रोड, आणि ते सगळे एकाच माणसाच्या नावाचे. महात्मा जुहूला येऊन राहिले होते, हे तर अनंतानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. तेव्हा साहेबानं ही गाडी त्यांच्याकडून जप्त केली असणार आणि जाताना लाज वाटून परत ठेवली असणार, असा अनंतानं निवाडा केला. तो पुढे वारला. निवाडा राहिला.

सहदेवनं तोंड उघडलं. भीमराजनं बाहेरून येऊन त्याच्या पायावर पाय दिला.

शंकेला कुठे जागाच नव्हती, हे सहदेवला हळूहळू दिसत गेलं. छप्पर का नाही, तर साधी राहणी. सांगाडा लाकडाचा का, तर स्वदेशी. सीटा दोनच का, तर एक त्यांची आणि एक कस्तुरबांची. सोनूबाईनं त्याला खाली बसवून तारांचं चाक दाखवलं, त्यावर हलकेच हात फिरवला आणि विचारलं, ह्याला काय म्हणतात. सहदेवला चरख्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही. दर दोन ऑक्टोबरला गाडीला हार पडत होता. बाकीचे दिवस बोंबील.

गाडीला गिऱ्हाइकं आधीही येऊन गेली होती. वांद्र्याचे, कुलाब्याचे, चांगले शिकलेले. त्यांनी हसून सांगितलं की आजी, ही इंग्लंडातली कंपनी आहे. सोनूबाईनं त्यांना कोयत्यासकट गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवलं होतं. म्हणजे खरं बोललं की गाडी नाही, एवढं सहदेवला खरेदी खात्यातल्या अनुभवाशिवायही कळलं. परतताना भीमराजनं त्याला सल्ला दिला, तो आजवरच्या दोस्तीतला सगळ्यात मोठा होता.

"तुला गाडी पायजे का प्रवचन द्यायचंय? मग गप बस ना यार. म्हातारी बोलते ते हो बोल."

सहदेव पुन्हा पुन्हा गेला. जाताना सदरा-पायजमा घालून जायला लागला. त्यानं कधीच म्हटलं नाही की गाडी महात्म्याची आहे. त्यानं एवढंच म्हटलं की अशी वस्तू पार्ल्यात असायला हवी, पार्ल्याला स्वातंत्र्यलढ्याची परंपरा आहे. स्वतःचं मन स्वच्छ ठेवून दुसऱ्याला फसवायची ही रीत त्यानं पार्ल्यातच उचलली होती. सोनूबाई ऐकून घेई, चहा देई आणि देवाची वस्तू विकत नाहीत म्हणून सांगे.

एका रविवारी तिनं मधेच विचारलं, "तुजा बापूस काय करीत व्हता रं?"

टेक्स्टाइल ह्या शब्दाचा इथे काही उपयोग नव्हता. मग कुणास ठाऊक का, कदाचित त्या वासामुळे, कदाचित समोर पार्लं नव्हतं म्हणून, कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून खरं निघालं.

"विणकर होता. आयुष्यभर विणत राहिला. शेवटी ऐकू यायचं बंद झालं त्याला."

सोनूबाईनं कोयता खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. विणकर म्हणजे खादी विणणारा, ह्याच्यात तिला काही विचारण्यासारखं वाटलं नाही. मुलगा बळवंत जाळं शिवत बसला होता, त्याला तिनं हाक मारून सांगितलं, "विणकराचा पोर हाय ह्यो. आता गारी ह्याचीच."

गिरणी हा शब्द सहदेवच्या ओठांपर्यंत आला. तिथेच थांबला. एरवी तो बापाला लपवून स्वतःची किंमत वाढवत असे. आज बापाला बाहेर काढून त्यानं गाडी मिळवली. दोन्ही वेळा बाप त्याच्याच उपयोगी पडला होता.

गाडी एका नारळावर आणि सव्वा रुपयावर मिळाली. सोनूबाईची अट एकच: महात्म्याची गाडी टेम्पोच्या मागे दोरी बांधून न्यायची नाही, मानानं न्यायची. सहदेवनं मान्य केलं. त्याला वाटलं, मान म्हणजे हळद-कुंकू. भीमराजनं स्टुडिओतला मिस्त्री वेसाव्याला आणून इंजिनावर बसवला. मिस्त्रीनं ते खोललं, धुतलं, बडवलं आणि शेवटी एका दुपारी ते फटफटत सुरू झालं, तेव्हा गल्लीतली कुत्री पळून गेली आणि सहदेव पडवीतच मटकन खाली बसला. ब्रेकचं काय, असं भीमराजनं विचारलं. मिस्त्री म्हणाला, थोडे थोडे लागतात.

सहदेवनं ठरवलं की दोन ऑक्टोबरला, सुट्टीच्या दिवशी, सकाळी गाडी काढायची. सोनूबाईला दिवस पसंत पडणारच होता. वेसाव्याहून निघायचं, जुहू तारा रोडनं वारा खात पार्ल्याला यायचं. त्यानं वाटेल ते सोंग घेतलं होतं ते ह्या एका सकाळसाठी. मासिकातल्या चित्रात असते तशी चौकड्यांची टोपीपण त्यानं आणून ठेवली.

पण बळवंतनं ही गोष्ट गुणाजीभाऊंच्या कानावर घातली. गुणाजीभाऊ वेसाव्याचे पुढारी, आणि महापालिकेची निवडणूक जवळ आलेली. ते पडवीत आले, गाडीला हात जोडले आणि सहदेवला मिठी मारली. पुढचं सगळं त्यांनी आपल्या हातात घेतलं. मिरवणूक निघणार. जुहूनं नाही, तिकडे कोण मतदार राहतो. अंधेरी बाजारातून, पुलावरून, पूर्वेला, मग पार्लं. लेझीम, बँड, शाळेची पोरं. गाडी कोण चालवणार, असं सहदेवनं विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले, तुम्हीच की, विणकराचे चिरंजीव. सहदेवचा जीव भांड्यात पडला. जुहू गेलं तर गेलं.

मग भाऊ म्हणाले की इंजिन मात्र सुरू करायचं नाही. महात्म्याची गाडी लोकांसमोर परदेशी तेलावर धावली तर काय दिसेल? कोळीवाड्यातली तरणी पोरं दोरानं ओढतील. बळवंत म्हणाला, नायलॉनचा दोर आहे घरात, होडी ओढायचा. भाऊंनी त्याच्याकडे फक्त पाहिलं. सुताचा दोर आणायचं ठरलं.

पार्ल्यात बातमी पोचली तेव्हा ज्याला खरं घाबरावं असा माणूस सहदेवनं एकच मानला होता. सोसायटीचे चेअरमन प्राध्यापक मायदेव. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, तरुणपणी विलायतेला जाऊन आलेले. एमजी काय आहे हे त्यांना ठाऊक नसणं शक्यच नव्हतं, आणि ते ठाऊक होतंच. ते एका वाक्यात सगळं संपवू शकले असते. सहदेव त्यांच्याकडे गेला तेव्हा, गंमत म्हणजे, त्यांनी ते वाक्य बोलावं असंच त्याला वाटत होतं. मग मिरवणूक रद्द झाली असती, फजिती झाली असती, पण नारळ आणि सव्वा रुपया देऊन झाला होता, गाडी राहिली असती. नुसती गाडी.

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार आहे हे त्यांच्या कानावर होतं. गाडीच्या स्वागताचं भाषण त्यांनाच करायचं होतं.

"तावडे," ते म्हणाले, "पुरावा ही इतिहासाची एक बाजू झाली. लोकभावना ही दुसरी."

आणि जी सोसायटी जिन्याखालच्या स्कूटरवरून दर सभेत त्याच्याशी भांडत होती, तिनं एकमतानं आवारातली दर्शनी जागा गाडीला दिली. चौथरा बांधायचं ठरलं, त्यावर पांढऱ्या फरशा. चौथऱ्यावर चढवलेली गाडी खाली कशी उतरवायची, ह्याचा विचार सहदेवशिवाय कुणीच केला नाही. त्यानं तो केला आणि बोलला नाही. वसुधा म्हणाली, अजून वेळ आहे, सांगून टाका. मग तिनं विचारलं की सासरेबुवांना कळलं असतं, आपला मुलगा आपल्याला खादी विणायला लावतोय, तर त्यांनी काय म्हटलं असतं. सहदेव म्हणाला, त्यांना ऐकू आलं नसतं.

दोन ऑक्टोबरला सकाळी सहदेव तावडे अखेर एमजीत बसला. अंगात गुणाजीभाऊंनी दिलेला खादीचा कुडता, डोक्यावर पांढरी टोपी. चौकड्यांची टोपी घरी राहिली. काच आडवी पाडलेली होती, कारण तिच्यामुळे हार नीट दिसत नव्हते. शेजारच्या सीटवर, बांच्या जागेवर, सोनूबाई. ती नेसली होती लाल जरीचं, केसांत अबोली, आणि तिनं आयुष्यात प्रथमच त्या गाडीत पाय ठेवला होता. अंथरलेल्या खादीखालून मुशीच्या तेलाचा वास येतच होता. भाऊंनी उदबत्त्यांचा जुडगा बॉनेटवर खोचला. सगळं जग शाकाहारी म्हणून ज्याला ओळखतं त्या माणसाच्या गाडीला येणारा तो वास मिरवणुकीतल्या प्रत्येकाला आला, आणि एकाही माणसानं नाक धरलं नाही. भीमराजनंसुद्धा.

गाडी निघाली. माणसाच्या चालीनं. स्टिअरिंग सहदेवच्या हातात होतं आणि गाडी दुसऱ्यांच्या खांद्यावर. बाजारात बायकांनी ओवाळलं. एका म्हाताऱ्यानं पुढे होऊन सहदेवच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला, पण दार उलटं उघडत असल्यामुळे त्याला ते उघडता आलं नाही. सहदेव हसून मान हलवत राहिला. हीच ती सकाळ, असं तो स्वतःला सांगत होता, ही चालली, ही संपत आली.

पुलाचा चढ पोरांनी घामाघूम होऊन काढला. माथ्यावर गाडी क्षणभर थांबली. मग पुढच्या पोरांना जाणवलं की दोर सैल पडलाय. त्यांनी मागे पाहिलं. गाडी आपण होऊन त्यांच्या अंगावर येत होती. त्यांनी दोर टाकला आणि दोन्ही बाजूंना उड्या मारल्या. बँडवाल्यांनीही वाट दिली. समोर अख्खा उतार मोकळा होता.

सहदेवनं ब्रेकवर पाय ठेवला. ते थोडे थोडे लागले. मग त्यानं पाय उचलला.

इंजिन बंद, बँड मागे राहिलेला, ओरडाही मागे राहिलेला. फक्त तारांच्या चाकांचा सूंऽऽ असा आवाज आणि वारा. वारा डोळ्यांत गेला, कुडता फुगला, पांढरी टोपी उडून मागे गेली, उदबत्त्या गेल्या, हारांचे झेंडू सुटून त्याच्या तोंडावर आपटत गेले. खाली पूर्वेच्या इमारती, पत्र्याची छपरं, जाहिरातीचे फलक भराभर वर येत होते. स्टिअरिंग हातात थरथरत होतं आणि जरा फिरवलं की अख्खी गाडी आज्ञा पाळत होती. मासिकांत हे लिहिलेलं नव्हतं. किंवा लिहिलेलं असेल, पण तो शब्द कोशात सापडला नसेल.

सोनूबाई दोन्ही हातांनी दार धरून बसली होती. तिला भीती वाटत नव्हती. होडीत ह्याहून वाईट असतं. तिनं मान वळवली आणि आवाज न चढवता विचारलं, कारण चढवायची गरजच नव्हती, "म्हात्मा असाच पलवायचा काय रं?"

इतकी शांतता होती की काहीही सांगता आलं असतं. ती कंपनी, तो साहेब, ती गिरणी, ते साचे. ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. उतार अजून थोडा बाकी होता.

"ह्याच्याहून जोरात," सहदेव म्हणाला. "हसायचा पण."

सोनूबाई हसली. तोही हसला. आजवर बोललेल्या सगळ्या खोट्यांत एवढं मनापासूनचं हेच होतं.

सपाटीवर आल्यावर गाडी हळूहळू मंदावली आणि चौकात आपोआप थांबली. गुणाजीभाऊ धापा टाकत पोचले, त्यांनी टोपी उचलून आणली होती, ती झटकून सहदेवच्या डोक्यावर ठेवली आणि फोटोग्राफरला हाक मारली. पार्ल्यात पोचल्यावर प्राध्यापक मायदेवांचं भाषण झालं. पुराव्याविषयी ते काही बोलले नाहीत. गाडी फळ्यांवरून चौथऱ्यावर चढवली, चाकांखाली सिमेंट घातलं, आणि मुलांनी चावीशी खेळू नये म्हणून चावी सोसायटीच्या कपाटात ठेवली. गुणाजीभाऊ निवडून आले.

पुढे सहदेव तावड्यांना पार्ल्यात मान मिळाला. शाळेत बक्षिसं वाटायला बोलावणं यायचं. सिगारेट त्यांनी सर्वांसमक्ष सोडली आणि संडासात ओढू लागले. लोक त्यांना सहदेवराव म्हणत, मग सहदेवजी म्हणायला लागले. वडिलांविषयी आता कुणी विचारत नसे, सगळ्यांना ठाऊकच होतं. सोनूबाई पुढच्या दोन ऑक्टोबरला आली. बरोबर टोपलीभर बोंबील घेऊन आली आणि चौथऱ्यासमोर दोरी बांधायला जागा कुठे आहे ते शोधू लागली. सोसायटीनं तिला समजावून परत पाठवलं. सहदेव त्या वेळी वरच होते. खाली आले नाहीत.

वसुधाला एकदा त्या गाडीत बसून बघायचं होतं. सेक्रेटरीनं नम्रपणे सांगितलं की आत बसायची प्रथा नाही, आणि चौथऱ्यावर यायचं तर चपला काढाव्या लागतील. ती चपला न काढता भाजी घेऊन वर निघून गेली.

सहदेव मात्र रोज सकाळी तिथे असतात. अनवाणी, हातात फडकं. बॉनेट, दिवे, चाकाची एकेक तार. गाडीचे मालक तेच आहेत. ती पुसायची परवानगी दुसऱ्या कुणाला नाही.